खुर्ची खाली घेऊ नकोस

"डावा कल्ला एकीकडे, उजवा भलतीकडे. डोकं आहे का घसरगुंडी?" पोस्टमनकाका पुटपुटले. इतक्या हळू, की ते फक्त मलाच ऐकू गेलं. मग आरशात बघून ते मोठ्यांदा म्हणाले, "वा, वहिनी! झकास. अगदी हलकं हलकं वाटतंय."

मित्रांनो, मला हसता आलं असतं तर मी तेव्हा हसले असते. पण मला फार तर करकरता येतं. मी एक जुनी खुर्ची आहे, केशकर्तनालयातली. गल्लीतले लोक दुकानाला नुसतं सलून म्हणतात आणि मला नुसतं 'ती खुर्ची'. दुकानात एक बाक आणि आणखी दोन खुर्च्या आहेत, पण त्या वाट बघणाऱ्यांसाठी. त्यांना खुर्च्या म्हणायचं ते आपलं बसता येतं म्हणून.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतून माझं बूड केलं, त्यावर पांढरा मुलामा चढवला, पाठीला आणि बैठकीला कातडं लावलं. पाय ठेवायच्या जाळीवर त्या गावाचं नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेलं आहे. ती लिपी आमच्या गल्लीत कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे मी परकी आहे हे माझ्या अंगावरच लिहिलेलं आहे. तरी आजवर मला कुणी 'तुझे कागद दाखव' म्हटलेलं नाही. खुर्ची असण्याचे काही फायदे आहेत.

माझ्या पोटात तेलाने भरलेला एक जाड दांडा आहे. बाजूचं पायडल मारलं की मी वर चढते. छोटी दांडी ओढली की खाली येते. एवढीच माझी करामत, पण तरुणपणी ती बघायला रस्त्यावरची मुलं काचेला नाक लावून उभी राहायची.

माझे पहिले मालक एक ठेंगणे, तिरसट म्हातारे कारागीर होते. ते मला कायम खालीच ठेवत. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच गोष्ट शिकवली. "गिऱ्हाईकाचं डोकं आपल्या छातीशी हवं. वर गेलं तर हात चुकतो, खाली गेलं तर कंबर जाते. खुर्ची आपल्या मापाने लावायची, गिऱ्हाईकाच्या नाही." एवढं सांगून ते लगेच ओरडत, "आता बघत काय बसलास? केर काढ!"

त्या शिकणाऱ्यांपैकी शेवटचा म्हणजे लंबू. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे, म्हणून हे नाव. तो एकोणिसाव्या वर्षी एका मुकादमाबरोबर या देशात आला होता, इमारतींच्या कामावर. काम संपलं, मुकादम दिसेनासा झाला, आणि लंबूच्या राहण्याच्या परवानगीची मुदतही संपली. तो मात्र राहिला. म्हातारबाबांनी विचारलं, "कात्री धरता येते का?" तो म्हणाला, "नाही." म्हातारबाबा म्हणाले, "बरं झालं, वाईट सवयी नाहीत."

पुढे म्हातारबाबा थकले आणि दुकान लंबूकडे आलं. पहिल्याच सकाळी त्याने माझं पायडल मारायला सुरुवात केली आणि थांबेचना. मी वर, आणखी वर गेले. मित्रांनो, माझ्यात एवढी उंची आहे हे मला तेव्हा कळलं. तिथून आरशाच्या वरच्या कडेवरची धूळसुद्धा दिसत होती.

ती माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. लंबूचा हात मऊ होता. लहान मुलं रडू लागली की तो माझ्या हातांवर फळी टाकून त्यांना वर बसवायचा आणि पायडल मारत म्हणायचा, "चला, ढगात कोण येतंय?" मूल गप्प व्हायचं आणि त्याची आई घाबरायची. वयामुळे माझ्या पोटातलं तेल झिरपू लागलं होतं. सकाळी वर चढवलं तरी जेवणाच्या वेळेपर्यंत मी चार बोटं खाली उतरलेली असे. माझ्याखाली डब्याचं एक झाकण ठेवलेलं होतं, त्यात थेंब पडत. लंबू त्याबद्दल कधी कुरकुरला नाही. बोलता बोलता, खाली न बघता, तो पायाने खट् खट् करून मला परत जागेवर आणायचा. जसं आपण बोलताना चष्मा सावरतो, तसं.

त्याची बायको दुकानात टॉवेल धुणं, साबणाचा फेस करणं, केर काढणं बघायची. सगळे तिला वहिनी म्हणत. ती लंबूच्या कोपराला लागायची. वहिनीचे कागद पक्के होते, कारण तिचे आईवडील इथे फार पूर्वी आलेले. त्यांच्या लेकीचे तर जन्मापासूनच पक्के. कच्चे होते ते फक्त लंबूचे. एका घरात तीन माणसं, एका ताटात जेवणारी, आणि सरकारदरबारी तिघांच्या तीन तऱ्हा. लग्न झालं म्हणून ते आपोआप मिटत नाही, मित्रांनो. मलाही तसं वाटलं होतं.

लंबू कामासाठी बाहेर गेला की वहिनी लेकीला माझ्यावर बसवून तिची वेणी घालायची. त्यासाठी मला पार खाली आणायची. लंबू परत आला की ठरलेलं भांडण.

"कुणी खाली घेतली ही खुर्ची? माझी कंबर मोडेल एखाद्या दिवशी."

"उंटाला कंबर असते हे मला ठाऊक नव्हतं हो."

"उंट म्हण, काही म्हण. खुर्चीला हात लावू नको."

"मग मी वेणी काय शिडी लावून घालू?"

म्हणून बाहेर निघताना दारात मान वाकवून तो दर वेळी एकच वाक्य म्हणायचा, "खुर्ची खाली घेऊ नकोस, संध्याकाळपर्यंत आलोच." आणि ती दर वेळी खाली घ्यायची.

आता मला माझ्या एका विद्येबद्दल सांगायला हवं. मी माणसांना मागून ओळखते. चेहऱ्याने माणूस काहीही भासवतो, मानेने भासवता येत नाही. आमच्याकडे रंगारी भाऊ येत, त्यांच्या केसांत चुन्याचे ठिपके असत. हॉटेलात भांडी घासणारा एक जण येई, त्याच्या मानेला भांड्यांच्या साबणाचा वास असे. समोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक येत. त्यांची मान जाड आणि बोलणं त्याहून जाड.

"या बाहेरच्यांना एकदाचं पाठवून दिलं पाहिजे," ते फेसाआडून म्हणायचे. "गर्दी झालीये नुसती. बसमध्ये उभं राहायला जागा नाही."

लंबूचा वस्तरा त्यांच्या गळ्यावर असायचा. तो म्हणायचा, "मान वर करा, साहेब."

"तुला नाही हं म्हणत मी! तू तर आपला माणूस."

"हनुवटी जरा डावीकडे."

बाकावर बसलेले पोस्टमनकाका वर्तमानपत्र इतकं वर धरत, की त्यांचं तोंड दिसू नये. ते निवृत्त झाले तरी सगळे त्यांना पोस्टमनच म्हणत. त्यांनी आयुष्यभर गल्लीतल्या घराघरांत पत्रं टाकली होती. कुणाच्या घरी काय आहे हे त्यांना माहीत होतं, आणि ते कुठे बोलायचं नाही हेही.

कागद पक्के व्हावेत म्हणून लंबूने वकिलामार्फत अर्ज केला होता, त्यामुळे त्याला अधूनमधून शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत हजेरी द्यावी लागे. सही करायची आणि परत यायचं. त्या दिवशी तो स्वच्छ सदरा घालून जायचा आणि येताना लेकीसाठी केळी आणायचा. अशाच एका सकाळी त्याने मला नेहमीसारखं वर चढवलं, झाकणातलं तेल ओतून टाकलं आणि दारात मान वाकवून म्हणाला, "खुर्ची खाली घेऊ नकोस, संध्याकाळपर्यंत आलोच. काका, तुमची दाढी आल्यावर करतो."

पोस्टमनकाका दाढी खाजवत बाकावर बसून राहिले. दुपारी फोन वाजला तेव्हा वहिनीच्या हातात केरसुणी होती. ती "हो" म्हणाली, मग पुन्हा "हो" म्हणाली, आणि फोन ठेवून उरलेला केर काढत राहिली. कोपरा झाडून झाला, तरी तोच कोपरा झाडत होती.

काकांनी विचारलं, "काय झालं?"

"त्यांना जरा तिकडेच थांबवलंय," ती म्हणाली. "येतील."

त्यानंतर काही दिवसांनी त्याला विमानात बसवून, तो जिथून आला होता तिथे पाठवून दिलं. हे मला वहिनीने सांगितलं नाही. ती कुणालाच सांगत नव्हती. लोक विचारत, "लंबू दिसत नाही?" ती सांगे, "गावी गेलेत." "कधी येणार?" "येतील." सगळ्या गल्लीला सगळं माहीत होतं आणि सगळी गल्ली म्हणत होती, "हो हो, येईलच की!"

दुकान थोडे दिवस बंद राहिलं. मग घर चालवायचं म्हणून वहिनीने ते उघडलं आणि कात्री हातात घेतली. इतकी वर्षं ती बघत आली होती, त्यामुळे दाढी तिला पहिल्यापासून उत्तम जमली. केसांचं मात्र अवघड होतं, आणि त्याचं कारण मीच. मी लंबूच्या उंचीवर होते. माझ्यावर माणूस बसला की त्याचं डोकं तिच्या डोक्याच्या वर जायचं. मला खाली घेणं हे दांडी ओढण्याइतकं सोपं काम. तिने दांडी ओढली नाही. तिने बाटल्यांचा एक प्लास्टिकचा क्रेट आणला, उपडा टाकला आणि त्यावर उभी राहून केस कापू लागली.

हा क्रेट माझा शेजारी झाला. स्वभावाने डुगडुगता, कुणाचा भार मनापासून न पेलणारा. वहिनी त्यावरून एका बाजूचे केस कापायची, उतरायची, क्रेट पायाने दुसरीकडे ढकलायची, परत चढायची. प्रत्येक वेळी डोकं वेगळ्याच कोनातून दिसणार, मग कल्ले जुळणार कसे? त्या वर्षी आमच्या गल्लीत कुणाच्याच डोक्यावर सपाट जमीन उरली नाही. बसथांब्यावर उभ्या माणसांत आमची गिऱ्हाइकं दुरून ओळखू यायची.

तरीही गिऱ्हाइकं येत राहिली. काका महिन्यातून एकदा केस कापून घ्यायचे ते आता पंधरा दिवसांनी घेऊ लागले, तेही डोक्यावर कापण्यासारखं फारसं नसताना. औषधवाले सर्वांत नियमित. ते आता बाहेरच्यांबद्दल काही बोलत नसत. डोळे मिटून बसत आणि शेवटी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणत, "फर्स्ट क्लास!" त्यांच्या मानेला घाम आलेला असे. रंगारी भाऊ मात्र यायचे थांबले. भांडी घासणाराही दिसेना. ते कुठे गेले हे मला माहीत नाही. हॉटेलच्या दारावर 'माणसे पाहिजेत' अशी पाटी बरेच दिवस लटकत होती, एवढं आरशातून दिसायचं. तरुण मुलं मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत सलूनमध्ये जाऊ लागली. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना नोकरीच्या मुलाखतीला जायचं असतं.

मित्रांनो, मला आपणहून वर राहता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिने नुसतं दुर्लक्ष केलं असतं तरी दोन दिवसांत मी तिच्या मापाची झाले असते. मी दर दुपारी चार बोटं खाली येत होते. ती क्रेटवरून उतरून पायडल मारत होती. लंबूला दोन फटक्यांत जमायचं ते काम ती दोन्ही हात माझ्या पाठीवर रेलून, सगळा भार पायावर टाकून करायची. मी उतरायची, ती चढवायची. असा आमचा संसार चालला होता.

एकदा लंबूचे वकील केस कापायला आले. बसल्या बसल्या त्यांनी घसा साफ केला. "वहिनी, त्या अर्जाचं मी विचारलं. तसं बघायला गेलं तर..."

वहिनीने पाण्याचा फवारा थेट त्यांच्या तोंडावर मारला. "डोळे मिटा, साहेब. तोंडही. केस जातील."

केस अजून कापायलाही घेतले नव्हते. पण वकील तोंड मिटून बसले ते उठेपर्यंत. जाताना म्हणाले, "छान कापलेत."

लंबूचा फोन रविवारी यायचा, दुकान चालू असताना. त्याला आवाज ऐकायचे असत, कात्रीचा, नळाचा, काकांच्या खोकल्याचा. वहिनी फोन पावडरच्या डब्याला असा टेकवून ठेवायची, की त्याला फक्त छत आणि पंखा दिसावा. कुणीही तो फोन सरळ करायचा नाही, असं न ठरवताच ठरलं होतं.

"पंखा पुसत जा गं," तो म्हणायचा. "जाळी धरलीये."

"तुम्ही या आणि पुसा. तुम्हालाच शिडी लागत नाही."

"येतो ना."

"तुमची कंबर कशी आहे?"

"मजेत." तो तिकडे रस्त्याकडेला एक साधी लाकडी खुर्ची मांडून, दिवसभर वाकून काम करत होता. लेकीने एकदा विचारलं होतं तेव्हा त्याच्या तोंडून निसटलं होतं. "मजेत आहे कंबर. आणि आपली खुर्ची?"

"आहे," वहिनी सांगायची. "जशीच्या तशी."

शेवटची गोष्ट सांगण्याआधी मी तुम्हाला एक विनंती करते. मोठ्या माणसांना मध्येच विनंती केलेली आवडत नाही, म्हणून तुम्हा मुलांनाच करते. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना तेल घाला, त्यांचे खिळे घट्ट करा, ते तर आहेच. पण अधूनमधून हेही बघा, की एखादी वस्तू कुणाच्या मापाने लावलेली आहे आणि तिच्याशी झटतंय कोण. दिसलं तर बोला. आमच्या दुकानात इतकी शहाणी माणसं येत होती, पण एकानेही मोठ्याने म्हटलं नाही, "वहिनी, खुर्ची खाली घ्या." कारण ते म्हणायचं, तर त्याच्या पुढचंही म्हणावं लागलं असतं.

तर त्या रविवारी माझ्यावर औषधवाले बसले होते. काका बाकावर, लेक टॉवेलांच्या घड्या घालत होती. फोन डब्याला टेकलेला, त्यात लंबू तिकडच्या उन्हाबद्दल काही सांगत होता. वहिनी टाळूवरचे केस कापायला पुढे वाकली, आणखी वाकली, आणि क्रेट सरकला. तिने माझा हात धरायला बघितला, तो सुटला. कात्री औषधवाल्यांच्या कानाला चाटून गेली. वहिनी जमिनीवर, क्रेट भिंतीला, पावडरचा डबा खाली आणि फोन त्या पावडरमध्ये.

"काय झालं? काय पडलं?" फोन ओरडत होता.

लेक धावली. आईला उठवताना तिने घाईत फोन उचलून आरशापाशी उभा केला. सरळ. आणि तिथून लंबूला सगळं दुकान दिसलं. खाली बसून मनगट चोळणारी बायको, उलटा पडलेला क्रेट, कान धरलेले औषधवाले, आणि अगदी वर, त्याने ठेवली होती तिथे, मी.

मग सगळे एकदम बोलू लागले.

"काही नाही रे, मीच हललो," औषधवाले म्हणाले. त्यांच्या बोटांमधून रक्ताचा एक ओघळ मनगटावर आला होता.

"फळीवरचं काहीतरी काढत होती ती," काका म्हणाले. "बाकी सगळं उत्तम आहे इकडे."

"तो क्रेट कशाला आहे?" लंबूने विचारलं.

काका वर्तमानपत्र शोधू लागले.

"बाबा, आई त्याच्यावर उभी राहते," लेक म्हणाली. "रोज."

लंबू आधी हसला. खरंच हसला, उंटाबिंटाचं काहीतरी सुचल्यासारखं. मग त्याचं हसू थांबलं. त्याच्यामागे एक भिंत होती आणि भिंतीवर ऊन.

"खुर्ची अजून वरच आहे?"

वहिनी उठली. कपड्यांवरची पावडर झटकत म्हणाली, "तुम्हीच सांगून गेलात. खाली घेऊ नकोस म्हणून."

"संध्याकाळपर्यंत म्हटलं होतं गं मी."

"मग? झाली नाही अजून संध्याकाळ." असं म्हणून तिने माझ्या पायडलवर पाय ठेवला, कारण दुपार झाली होती आणि मी चार बोटं खाली आले होते.

"थांब," लंबू म्हणाला. "पाय काढ."

तिने काढला नाही. पण दाबलाही नाही.

"वकील तुला सांगणार होता. तू ऐकून घेत नाहीस म्हणाला. मीही सांगितलं नाही. दर रविवारी येतो ना, येतो ना म्हणत राहिलो." त्याने एकदा मागे भिंतीकडे बघितलं आणि परत आमच्याकडे. औषधवाल्यांनी कानावरचा हात काढला. "ऐक. मी येत नाहीये. विमानात बसवतानाच सांगितलं होतं त्यांनी, आता परत पाय ठेवता येणार नाही म्हणून. खुर्ची खाली घे. साहेबांचं डोकं तुझ्या छातीशी येऊ दे, आणि मग काप."